पिळाची करामत

झाशीहून कानपूरच्या दिशेने निघालं की सुमारे 50 किलोमीटरवर मोठ नावाचं गाव लागतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर झाशीच्या नारो शंकरांनी मोठचा परगणा राजेंद्रगिरी गोसाव्याकडून जिंकून घेतला. नाशिकला गोदाकाठी ज्यांची घंटा प्रसिद्ध आहे, तेच हे नारो शंकर. आज इथे जखमा करायला तलवारी नाहीत, पण राष्ट्रीय महामार्ग 27 वरचे ट्रक आहेत आणि चैत्रात गव्हाच्या खळ्यावर धडधडणारी मळणी यंत्रं आहेत. मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे झाशीचं मेडिकल कॉलेज, तासाभराच्या वाटेवर. आणि मांडीतली मुख्य धमनी तुटली, तर माणसाच्या हाती उरतात जेमतेम तीन ते पाच मिनिटं.

एवढी कमी का? मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण 5 लिटर, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदयही मिनिटाला तेवढंच रक्त ढकलतं. धमनी फुटली म्हणून ते थांबत नाही. बिचारं इमानेइतबारे पंप मारत राहतं, आणि त्याच इमानामुळे माणूस रिकामा होत जातो.

तीन मिनिटं आणि एक तास यांच्यामधली दरी कशाने बुजवायची? एका पट्टीने आणि एका काठीने! हातापायाभोवती पट्टी बांधायची, गाठीत काठी अडकवून पीळ द्यायचा आणि रक्त थांबेपर्यंत देत राहायचं. हेच टूर्निकेट. 1674 मध्ये बेझांसाँच्या वेढ्यात एत्येन मोरेल या फ्रेंच शल्यचिकित्सकाने ते वापरल्याचं सांगतात. 1718 मध्ये जाँ-लुई पेती या दुसऱ्या फ्रेंच शल्यचिकित्सकाने काठीच्या जागी स्क्रू बसवला. हा स्क्रू नारो शंकरांच्या छावणीत पोचला नसेल; पण दोर आणि काठी कुठल्या छावणीत नसते?

गंमत म्हणजे टूर्निकेटचा अनुभव तुम्ही दोनदा तरी घेतलेला असतो. डॉक्टर रक्तदाब मोजताना दंडावरचा पट्टा फुगवतात आणि क्षणभर मनगटाची नाडी हरवते. धमनीतला दाब साधारण 120. पट्ट्याचा दाब त्याहून वर गेला की धमनी चपटी होते. हे खरं टूर्निकेट. दुसरा अनुभव रक्त तपासायला देताना. तिथे रबरी नळी जराशीच आवळतात आणि शिरा टरारून फुगतात. शिरांमधला दाब कमी, म्हणून त्या आधी बंद होतात. धमनी मात्र रक्त आणतच राहते. अशाच दोन गाठींच्या, एक घट्ट आणि एक सैल, साक्षीने इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वीने 1628 मध्ये दाखवून दिलं, की रक्त शरीरात गोल फिरतं.

जीव वाचवण्याची सगळी मेख याच फरकात आहे. अर्धवट आवळलेलं टूर्निकेट म्हणजे परतीची वाट बंद आणि येण्याची उघडी: रक्तस्राव उलट वाढतो. म्हणून नुसता कमरेचा पट्टा बहुधा पुरत नाही, पीळ हवाच. सुतळी किंवा तारही नको. ती मांस कापते. पट्टी दोन-तीन बोटं रुंद हवी. गमछा आणि लाटणं घरोघरी सापडतं.

पण आधी तळहात. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून अंगाचा भार टाकून दाबा. बहुतेक रक्तस्राव एवढ्यानेच आटोक्यात येतो. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर चार बोटं पट्टी बांधा. गुडघ्यावर किंवा कोपरावर नको. रक्त थांबलं की काठी जागेवर बांधून टाका. दुखेल, जखमी ओरडेल. तरी सैल करू नका. मान, पोट, जांघ इथे टूर्निकेट चालत नाही. मानेवर आणि जांघेत जखम दाबूनच धरावी लागते. आणि साप चावला तर काहीही आवळू नका. तिथे गाठीने अवयव जाऊ शकतो, विष अडत नाही.

‘पाय कापावा लागेल’ ही धास्ती पहिल्या महायुद्धापासून चालत आली. टूर्निकेट तासन्तास बांधून ठेवलं, तर ती खरीही आहे. पण साधारण दोन तासांपर्यंत अवयव सहसा तग धरतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत सर्जन स्वतःच हवेचं टूर्निकेट लावतात. बगदादच्या लष्करी रुग्णालयात 2006 मध्ये नोंदलेल्या जखमींपैकी ज्यांना रक्त फार जाण्याआधी टूर्निकेट लागलं, त्यांच्यातले सुमारे 90 टक्के जगले. उशीर झालेल्यांत जेमतेम 10 टक्के.

म्हणून पीळ दिला की घड्याळ पाहायचं आणि वेळ जखमीच्या कपाळावर किंवा हातावर पेनाने लिहायची. त्या आकड्याने झाशीच्या डॉक्टरला कळतं, की हातात किती वेळ उरला आहे. मोठहून झाशी तासाभराची वाट. काठीच्या दोन-तीन फेऱ्यांनी तीन मिनिटांचे दोन तास झालेले असतात.