गोळ्यांची धास्ती आणि बाकीच्या ऐकीव गोष्टी

'तुला काय कमी आहे? नोकरी आहे, घर आहे, मुलं गुणी आहेत.' डिप्रेशन आलेल्या माणसाला हे घरोघरी ऐकवलं जातं, बहुतेकदा प्रेमापोटीच. पण हा आजार सुखवस्तूपणा बघून दाराबाहेर थांबत नाही. आनुवंशिकता, जुने आघात, दीर्घकाळचा ताण, बाळंतपण, थायरॉईडचा बिघाड अशी कारणं असू शकतात; कधी ठळक कारण सापडतच नाही. किमान दोन आठवडे, दिवसातला बराचसा वेळ मन खिन्न किंवा कशातच गोडी नाही, आणि जोडीला झोप-भूक बिघडलेली, थकवा, स्वतःला दोष देणं, असं असलं की डॉक्टर नैराश्याचं निदान करतात. रडू यायलाच हवं असं नाही. कित्येक जण डोकं दुखतं, अंग ठणकतं म्हणत फॅमिली डॉक्टरकडे फेऱ्या मारत राहतात. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात.

'मन घट्ट कर, फिरायला जा.' व्यायामाचा उपयोग होतो, त्यात वाद नाही. पण कुकर लावायला उठलेली बाई ओट्याशी दहा मिनिटं नुसती उभी राहते, तांदूळ किती घ्यायचे हे तिला ठरवता येत नाही, तेव्हा तिला टेकडी चढून ये म्हणणं हा सल्ला नाही, शिक्षा आहे.

सगळ्यात चिवट समज गोळ्यांबद्दलचा. 'एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत.' इथे दोन वेगळ्या औषधांची गल्लत होते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी लगेच शांत वाटतं, झोप लागते, आणि त्या मनाने घेत राहिलं तर सवय खरोखरच लागते. नैराश्यावर सहसा देतात ती एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही औषधं वेगळी. त्यांची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासाही वाटत नाही. मात्र ती एकदम तोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते. म्हणून डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. गुण यायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतो: मळमळ, अस्वस्थपणा. कामेच्छाही कमी होऊ शकते. संकोच न करता ते सांगावं, औषध बदलता येतं. नेमक्या याच पहिल्या आठवड्यांत पुष्कळ जण औषध सोडतात आणि 'मला लागू पडलं नाही' म्हणतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर या काळात जास्त लक्ष ठेवावं लागतं. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवतात. वारंवार उलटणाऱ्या आजारात त्याहून जास्त.

आणि प्रत्येकाला गोळ्या लागतातच असंही नाही. सौम्य आजारात नुसत्या बोलण्याच्या उपचारांनी बरं वाटू शकतं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, तेव्हा हे सगळं परक्या भाषेतलं आहे ही सबबही आता उरलेली नाही.

'येरवड्याला पाठवतील' किंवा 'ठाण्याला टाकतील', हे जुनं भय. नैराश्याचे बहुतेक रुग्ण ओपीडीत दाखवून घरी परततात. शॉकचं म्हणाल तर तो तीव्र आजारात, भूल देऊनच देतात. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता शॉक देण्यावर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

शेवटचा समज मला सर्वांत घातक वाटतो: 'ज्याचं त्याने ठरवावं, आपण कशाला मध्ये पडा.' २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्याच्या दहापैकी आठांहून अधिक रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. निर्णय न घेता येणं हे या आजाराचंच लक्षण आहे. तेव्हा जबरदस्ती न करता, त्याला विचारून नंबर घरच्यांनी लावावा, सोबत जावं. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकू आली तर मात्र नंबर लागायची वाट पाहू नये; माणसाला एकटं न सोडता थेट दवाखाना गाठावा.

पहिल्या भेटीत डॉक्टर झोप, भूक, दारू, पूर्वी कधी अति उत्साहाचे दिवस आले होते का, हे विचारतात. बायपोलर आजार असेल तर औषधांची निवडच बदलते. 'मरणाचे विचार येतात का?' असंही विचारतील. सोबतच्यांनी दचकू नये. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्यावीत, बीपीच्या, सांधेदुखीच्या आणि शेजारणीने दिलेल्या झोपेच्यासुद्धा.