भूक कमी करणारं इंजेक्शन, पाकिटातलं जेवण आणि ॲपमधला हिरवा रंग

वजन कमी करणारी इंजेक्शनं हा विषय आता फक्त सिनेमावाल्यांचा राहिलेला नाही. मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ भारतात आलं, जूनमध्ये ‘वेगोव्ही’ आलं. वेगोव्हीमधल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि बाकीच्या कंपन्यांनाही वाट मोकळी झाली. आमच्या पोंभुर्ण्यापर्यंत हे औषध आलंय, तेही थेट माझ्या घरात.

माझी चुलत बहीण पोंभुर्ण्याहून चंद्रपूरला रोज एसटीने अपडाऊन करते. डॉक्टरांनी तिची शुगर आणि वजन बघून इंजेक्शन सुरू केलं. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून ताईचा फोन आला तो ॲपसाठी. “बाबू, दोन घासात पोट भरते न. सैपाक करायचं मनच होत नाही. मग कप नूडल्स, नाहीतर बिस्कीट. पण ॲपमध्ये रोज हिरवं दाखवते, म्हणजे बरोबर आहे न?”

मी तिला तिच्या ॲपमधला त्या दिवसाचा स्क्रीनशॉट मागितला. ७०० कॅलरी, १६ ग्रॅम प्रोटीन, आणि वर हिरवी टिक! बरोबर तर अजिबात नव्हतं. का ते समजून घेऊया.

इंजेक्शन शरीरात काय करतं?

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं. ते मेंदूला ‘बस झालं’ असा निरोप देतं आणि जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं. पण हे नैसर्गिक हार्मोन दोनेक मिनिटांतच मोडतं. सेमाग्लुटाइड त्याचंच काम करतं, पण शरीरातलं निम्मं औषध संपायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदा. मौंजारोमधलं टिर्झेपॅटाइड जीएलपी-१ सोबत जीआयपी या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं.

फोनच्या भाषेत सांगायचं तर भूक म्हणजे ‘बॅटरी लो’चं नोटिफिकेशन. औषध ते म्यूट करतं. बॅटरी मात्र उतरतच असते.

वजन उतरतं, पण कशाचं?

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप १’ या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं. औषध नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांचं २.४ टक्के उतरलं. यातल्या १४० जणांचं शरीर स्कॅन करून पाहिलं, तेव्हा उतरलेल्या वजनात जास्त वाटा चरबीचा होता. पण सुमारे ४० टक्के वाटा चरबी सोडून बाकीच्या भागाचा होता, आणि त्यात स्नायूही येतात.

वजनकाट्यावर हा फरक दिसत नाही. तो जिना चढताना, पाण्याचा हंडा उचलताना जाणवतो. स्नायू टिकवायचे तर दोन गोष्टी लागतात: थोडा ताकदीचा व्यायाम आणि पुरेसं प्रोटीन. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ६० किलोला सुमारे ५० ग्रॅम. औषध चालू असताना तुमचा आकडा किती ठेवायचा ते डॉक्टरांना विचारा. किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय वाढवू नका.

आता ताईचे १६ ग्रॅम आठवा.

ॲपचा हिरवा रंग कुणासाठी आहे?

बहुतेक कॅलरी ॲप जास्त खाणाऱ्या माणसासाठी बनलेले असतात. आतला नियम साधा असतो: खाल्लेल्या कॅलरी मर्यादेच्या आत असतील तर हिरवा, बाहेर गेल्या तर लाल. तुम्ही दिवसभर फक्त चहा प्यायलात तरी हिरवाच. ज्याची भूकच औषधाने म्यूट केली आहे, त्याच्यासाठी हा हिरवा रंग फसवा आहे. त्याला कमाल मर्यादेपेक्षा ‘किमान एवढं तरी पोटात गेलं का’ हे जास्त बघावं लागतं. ॲपच्या सेटिंगमध्ये प्रोटीनचं वेगळं टार्गेट टाकता येत असेल तर ते टाका आणि रोज आधी तोच आकडा बघा.

बारकोड स्कॅन करतानाही सावध राहा. बारकोडमध्ये कॅलरी, प्रोटीन असं काहीच साठवलेलं नसतं, फक्त वस्तूचा नंबर असतो. बाकीची माहिती ॲप स्वतःच्या डेटाबेसमधून आणतं, आणि बऱ्याच ॲपमध्ये ती वापरणाऱ्यांनीच भरलेली असते. जुनी किंवा चुकीची असू शकते. ताटाचा फोटो काढून कॅलरी सांगणाऱ्या ॲपचंही तसंच. भाजीत तेल एक चमचा आहे की चार, हे कॅमेऱ्याला दिसत नाही.

खरा डेटा पाकिटाच्या मागे

अक्षरं बारीक असतात, म्हणून फोटो काढा आणि झूम करा. मग तीन गोष्टी बघा.

१. आकडे कशाचे आहेत? दर १०० ग्रॅमचे की एका सर्व्हिंगचे? समोर मोठ्या अक्षरात ‘२० ग्रॅम प्रोटीन’ लिहिलेलं असतं आणि ते १०० ग्रॅममागे असतं. तुमचा बार ४० ग्रॅमचा असेल तर पोटात ८ ग्रॅमच जातं.

२. १०० कॅलरीमागे प्रोटीन किती? फोनचा कॅल्क्युलेटर उघडा: प्रोटीन गुणिले १००, भागिले कॅलरी. दोन्ही आकडे एकाच रकान्यातले घ्या. साधारण उत्तरं अशी येतात:
- ग्लुकोज बिस्कीट: दीडच्या आसपास
- इन्स्टंट नूडल्स: २ च्या आसपास
- शेंगदाणे: साडेचार
- दही, फुटाणे: ५ ते साडेपाच
- पनीर: ६ ते ७
- अंडं: ८
- सोयावडी: १५

माझा ढोबळ नियम: दिवसातलं निम्म्याहून जास्त खाणं ५ च्या वरचं असावं. भूक मोजकी आहे, तर ती बिस्किटावर का खर्च करायची?

३. सोडियम. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. नूडल्स, सूप, रेडी-टू-ईट भाजी यांच्या एका पाकिटातच त्यातला मोठा वाटा जाऊ शकतो.

पाकीट फेकू नका, त्यात भर घाला

अपडाऊन करणाऱ्याला, रूम करून राहणाऱ्याला ‘रोज ताजं शिजवा’ असं सांगून उपयोग नसतो. त्यापेक्षा हे जमतं:

- नूडल्सची अर्धी वडी, अर्धाच मसाला, वरून एक अंडं किंवा भिजवलेली सोयावडी.
- रेडी उपमा किंवा पोहे घेतले तर सोबत वाटीभर दही. आपले चना-पोहे असतील तर चना जास्त, पोहे कमी.
- बॅगेत बिस्किटाच्या पुड्याऐवजी फुटाण्याची पुडी. एसटीतही खाता येते.
- घरी भात असेल तर आधी वरण, उसळ किंवा मामा तलावातली मासळी खा, मग भात. आपल्या धानपट्ट्यात भात आधी आणि भरपूर असतो, त्यामुळे पोट भरतं आणि वरण तसंच राहतं.

जठर हळू रिकामं होत असल्यामुळे तळलेलं, खूप तेलकट खाल्लं तर मळमळ वाढू शकते. थोडं थोडं, सावकाश खा आणि पोट भरलं की थांबा. बद्धकोष्ठतेचा त्रास खूप जणांना होतो, म्हणून पालेभाजी, पेरू, काकडी असं काहीतरी रोज असू द्या. तहानेकडेही दुर्लक्ष होतं. त्यासाठी मात्र फोनवर पाण्याचा अलार्म लावा.

फोन बाजूला ठेवून डॉक्टरांना कधी गाठायचं?

उलट्या थांबत नाहीत, पाणीही पोटात टिकत नाही, पोटात जोरात दुखून कळ पाठीकडे जाते, किंवा डोळे पिवळे दिसतात, तर वाट बघू नका. शुगरच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन सोबत चालू असेल आणि जेवण कमी झालं असेल, तर शुगर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर ही त्याची लक्षणं. जेवण किती कमी झालंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि हे इंजेक्शन चिठ्ठीशिवाय, मित्राचं बघून घ्यायचं औषध नाही.

ताईने ॲप काढून टाकलेलं नाही. फक्त आता ती संध्याकाळी कॅलरीचा नाही, प्रोटीनचा आकडा पाठवते. परवाचा ४१ होता.

घरात आत्ता जे पाकीट असेल ते उचला, मागचा फोटो काढा आणि तो एक भागाकार करून बघा.