चीक आधी कुणाचा?

गूळ-वेलची घातलेला खरवस कुणाला आवडत नाही? नगर शहराला लागून, पुणे रस्त्यावर केडगाव आहे, रेणुकामातेच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेलं. तिथल्या एखाद्या गोठ्यात गाय व्याली, की शेजारच्या मुलांचे डोळे चिकाकडे लागतात. पण त्या चिकावर पहिला हक्क कुणाचा, ठाऊक आहे?

माणसाच्या बाळाला रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं आईच्या पोटातच मिळतात. वासराला मात्र ती गर्भात मिळत नाहीत! ती असतात चिकात. म्हणून जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच त्याला पोटभर चीक पाजावा लागतो. वासरू तीस किलोचं असेल तर साधारण तीन लिटर. दिवसभरानंतर त्याच्या आतड्यांची दारं जणू बंद होतात. मग कितीही चीक पाजा, प्रतिपिंडं रक्तात जात नाहीत.

ही शिदोरी गाय विण्यापूर्वीच्या आठवड्यांत बांधते. म्हणून काही लसी त्याआधी ठरावीक वेळी देतात. गायीचं शरीर प्रतिपिंडं बनवतं आणि ती चिकात उतरतात. कोणती लस कधी द्यायची आणि कोणती टाळायची, हे मात्र पशुवैद्यकांनीच ठरवायचं.

आता गंमत बघा. वासरासाठी ढाल तयार करणारी गाय स्वतः मात्र याच दिवसांत कमजोर होते. पोटातलं वासरू झपाट्यानं वाढतं, कासेत चीक साठतो आणि भूक मंदावते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, सुस्तावतात. मग वार अडकते, कासदाह होतो. आपल्याकडे त्याला 'दगडी' म्हणतात, कारण कास दगडासारखी कडक होते. दूध बनवणाऱ्या पेशी बिघडल्या, की पुढं दूध घटतं.

या शिपायांना जागं करणारं इंजेक्शनही निघालं. २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. एक विण्याच्या आठवडाभर आधी, दुसरं व्याल्यावर चोवीस तासांत. त्यानं कासदाह कमी झाला. पण दूध हमखास वाढतं, असं काही सिद्ध झालं नाही.

म्हणजे जादूची सुई नाही. मग उपाय काय? विण्यापूर्वी सुमारे दोन महिने दूध आटवून गायीला विश्रांती द्यायची. कोरडा, स्वच्छ गोठा, हिरवा चारा, खनिज मिश्रण आणि भरपूर पाणी द्यायचं. हिरव्या चाऱ्यातलं 'ई' जीवनसत्त्व आणि सेलेनियम हे खनिज पांढऱ्या पेशींना बळ देतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तयार झालेली 'फुले त्रिवेणी' ही संकरित गाय असो की गावरान, नियम सगळ्यांना सारखाच.

तेव्हा पुढच्या वेळी खरवसाची वाटी हातात आली, की आधी विचारा, "वासरू पोटभर प्यालं का?" उत्तर 'हो' असेल, तर मग खुशाल ताव मारा!