आकाशातली ओळख

महाराष्ट्राचा नकाशा घ्या आणि नागपूर व पुणे ही शहरे पट्टीने जोडा. ही रेषा वाशीम शहराच्या अगदी जवळून जाते. वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. पण समजा, तुमच्या डोक्यावरून एक लहानसे खासगी विमान पुण्याकडे चालले आहे आणि त्यात सरकारी कामासाठी निघालेले एक मोठे अधिकारी बसले आहेत. ते उतरणार कोठे? लोहगावला. हा तळ भारतीय वायुदलाचा आहे. तो १९३९ साली, ब्रिटिश अमदानीत उभा राहिला. तेथे सुखोई-३० ही लढाऊ विमाने असतात आणि त्याच धावपट्टीवर प्रवासी विमानेही उतरतात. गोव्यातील दाबोळीची धावपट्टी अशीच नौदलाची आहे.

अशा तळावर पाहुण्याने न सांगता येऊन चालत नाही. वैमानिकाला उतरण्याची परवानगी आधी घ्यावी लागते. कोणत्या मार्गाने, किती उंचीवरून आणि किती वाजता येणार, हे कळवावे लागते. हवाई संरक्षण यंत्रणेकडून उड्डाणासाठी एक क्रमांकही मिळवावा लागतो. आत बसलेली व्यक्ती कितीही मोठी असो, जमिनीवरच्या रडारला ती दिसत नाही. दिसतो तो फक्त एक ठिपका!

हा ठिपका उमटतो कसा? डोंगरासमोर हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तसेच रडारचे आहे. रडार रेडिओलहरी सोडते. त्या विमानावर आपटून परत येतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर. लहर १/१००० सेकंदात परतली, तर तिने जाऊन-येऊन ३०० किलोमीटर प्रवास केला. म्हणजे विमान १५० किलोमीटरवर आहे. पण ते आपले की परक्याचे, हे प्रतिध्वनी सांगत नाही.

ही उणीव किती महाग पडते पाहा. ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटन युद्धात उतरून तीनच दिवस झाले असताना, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपल्याच दोन हरिकेन विमानांना शत्रू समजून पाडले. त्यात एक तरुण वैमानिक मरण पावला. पुढे महायुद्धाच्या काळात विमानांवर ओळख सांगणारी यंत्रे बसू लागली.

आजच्या अशा यंत्राला ट्रान्सपाँडर म्हणतात. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्‌झच्या लहरींवर प्रश्न जातो, "तू कोण?" विमानातून १०९० मेगाहर्ट्‌झवर उत्तर येते. उत्तरात चार अंकी संकेत असतो. वैमानिकाला तो नियंत्रण कक्ष नेमून देतो. विमानाची उंचीही कळवली जाते. विमानाचे अपहरण झाले तर वैमानिक ७५००, रेडिओ बंद पडला तर ७६०० आणि इतर संकटात ७७०० हा संकेत लावतो. लष्करी विमानांचे गुप्त संकेत निराळे असतात.

मग पुण्याच्या रडारला वाशीमवरचे विमान दिसेल का? हवाई अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, पृथ्वी मात्र गोल! त्यामुळे रडार कितीही शक्तिशाली असले, तरी विमान साधारण ८ किलोमीटरहून उंच असेल तरच ते दिसू शकेल. ३ किलोमीटर उंचीवरचे विमान सव्वादोनशे किलोमीटरच्या आत आल्यावरच क्षितिजावर उगवेल. म्हणून एका रडारवर भागत नाही. ठिकठिकाणी रडारे लागतात.

नुसत्या कागदावरच्या परवानगीनेही भागत नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री वाराणसीहून कलकत्त्याला निघालेल्या एका मालवाहू विमानाने वाट सोडली आणि पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात शस्त्रास्त्रे टाकली. काही दिवसांनी ते पुन्हा भारतावरून जात असता वायुदलाने त्याला मुंबईत उतरायला लावले. परवानगी हे वचन असते. ते पाळले जाते की नाही, हे आकाशावर नजर ठेवणाऱ्यालाच कळते.

आता एक कोडे. ट्रान्सपाँडरच्या संकेतात ८ आणि ९ हे अंक कधीच नसतात. कारण प्रत्येक अंक तीन स्पंदांनी लिहितात आणि प्रत्येक स्पंद एक तर असतो किंवा नसतो. तर मग एकूण किती निरनिराळे संकेत तयार होतील? वहीत मांडून पाहा. उत्तर ४०९६ आले, तर तुमचे गणित बरोबर!