वाघाला सीमा नाही, पंचनाम्याला आहे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका नांदेडला जोडला गेला आणि नांदेडचा मुधोळ आदिलाबादकडे गेला. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे आज लातूर जिल्ह्यात असलेले तालुकेही तेव्हाच मुंबई राज्याच्या वाट्याला आले. भाषेच्या कसोटीवर ही वाटणी रास्तच होती. तथापि तिच्यामुळे सागवानाचे एक सलग अरण्य आणि काळविटांचे एक सलग माळरान वेगवेगळ्या राज्यांच्या वनखात्यांत विभागले गेले.

वन्यप्राण्यांनी ही रेषा कधीच मानली नाही. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ आदिलाबाद, नांदेड असे जिल्हे ओलांडीत सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२४ च्या अखेरीस किनवटच्या जंगलातील वाघ तेलंगणात उतरला. सागवान चोरणाऱ्यांनाही ही वाट ठाऊक आहे. वाघाला ती अडवीत नाही. चोराला तर ती उपयोगीच पडते.

वस्तुतः उणीव कायद्याची नाही. वन्यजीव हा विषय मुळात राज्यांचा असल्यामुळे १९७२ चा संरक्षण कायदा राज्यांच्या ठरावांच्या आधारे संसदेने केला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती सूचीत आला. २००६ च्या दुरुस्तीने वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाची तरतूद झाली. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्यांच्या दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर नेली. परंतु अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, गुन्हेगाराला धाक वाटतो तो शिक्षेच्या आकड्यापेक्षा पकडले जाण्याच्या शक्यतेचा. आणि सीमेवर नेमकी हीच शक्यता घटते. कायदा एकच असला तरी वनरक्षकाचे वरिष्ठ, न्यायालय आणि दप्तराची भाषा राज्यागणिक बदलते. अलीकडचा पंचनामा मराठीत, पलीकडचा तेलुगूत किंवा कन्नडमध्ये. या अंतरात पुरावा शिळा होतो.

दुसरा प्रश्न खर्चाच्या वाटणीचा आहे. वाघ वाचल्याचा लाभ साऱ्या देशाला. गाय गेल्याची झळ मात्र एकाच घराला. जानेवारी २०२४ मध्ये तेलंगणातील कागजनगर भागात विष घातलेल्या गुराच्या मांसाने वाघ दगावल्याची घटना याच विषमतेची साक्ष देते. भरपाईचे दर व पद्धती राज्याराज्यांत निराळ्या असतील आणि रक्कम हाती येण्यास विलंब होत असेल, तर संरक्षणाचा भार गरीब गुराख्याने का वाहावा?

तेव्हा नवा कायदा मागण्यापेक्षा संयुक्त गस्त, आरोपींची सामाईक नोंद, पंचनाम्याचा द्विभाषिक नमुना आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना समान व तत्पर भरपाई, एवढ्या गोष्टी शेजारी जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी साधल्या तरी पुष्कळ होईल. १९५६ साली माणसांच्या सोयीसाठी आखलेली रेषा चोरांची सोय होऊन राहू नये, याची जबाबदारी तिन्ही राज्यांची आहे.