चिमुकल्या संगणकाचा कायमचा पत्ता

महाडास येणाऱ्या पाहुण्यास घर सांगावयाचें झाल्यास, "चवदार तळ्याजवळ या," एवढें म्हटलें म्हणजे पुरतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ज्या तळ्याचें पाणी आपल्या अनुयायांसह प्राशन केलें, तें येथें कोणास ठाऊक नाहीं? आणि तळें जागा सोडीत नाहीं. पत्त्याचा सारा गुण हाच कीं, तो आज जेथें नेईल तेथेंच उद्यांही नेईल.

आमच्या घरच्या चिमुकल्या संगणकास मात्र हा गुण नव्हता. रास्पबेरी पाय नांवाचें हें यंत्र विलायतेंत २०१२ सालीं प्रथम विक्रीस आलें. आमच्या यंत्रास पडदा नाहीं, कळफलक नाहीं. दुसऱ्या संगणकावरून त्याच्या अंकी पत्त्यावर हाक मारावी, तेव्हां तें ओ देतें. त्यांत आम्ही पावसाच्या मोजणीचीं टिपणें ठेवितों. जुलै २०२१ चा महापूर पाहिलेल्या सावित्रीकांठच्या कुटुंबांस अशा टिपणांचें मोल सांगावयास नको. एका पावसाळ्यांत ऐन मुसळधारेंत वीज गेली. ती परत आल्यावर यंत्र चालू झालें, मोजणीही सुरू झाली. पण जुन्या पत्त्यावर कोणी ओ देईना! हवीं त्या रात्रींच टिपणें दिसेनाशीं झालीं.

कारण असें. घरांतील राउटर हा जणूं धर्मशाळेचा कारभारी. येईल त्या यंत्रास तो १९२.१६८.१.२० अशा अंकाची एखादी मोकळी खोली मुदतीपुरती देतो. या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. मुदत सरली, अथवा राउटर बंद पडून त्याची वही कोरी झाली, म्हणजे तीच खोली मिळेल असा भरंवसा नसतो. कोणा फोननें ती आधीं पटकाविली कीं संपलें.

यंत्रांतच अंक कायमचा लिहून ठेवणें हा मार्ग सोपा दिसतो, पण तो फसवा आहे. तसें करून आम्ही यंत्र पोलादपुरास मामांच्या घरीं नेलें. तेथील खोल्यांचे अंक १९२.१६८.० नें सुरू होत. त्यामुळें आमचें यंत्र तेथें परकें ठरून मुकें झालें. शिवाय तोच अंक राउटरनें दुसऱ्यास दिला, तर एका खोलींत दोन पाहुणे!

म्हणून यंत्रानें अंक मागूनच घ्यावा, व राउटरच्या वहींत त्याच्यासाठीं खोली राखून ठेवावी, हें बरें. जोडणीच्या प्रत्येक भागास कारखान्यांतच बारा अक्षरांची एक जन्मखूण मिळते. तिला मॅक पत्ता म्हणतात. राउटरच्या 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' या सदरांत ती खूण व इष्ट अंक लिहावा. तारेच्या व बिनतारी जोडणीची खूण निरनिराळी असते. जी वापरावयाची तीच नोंदावी. यंत्र जेथें जेथें जातें, त्या प्रत्येक घरीं अशी नोंद एकदां करावी.

अंक पाठ करणें नको असल्यास यंत्रास एक नांव द्यावें, आणि हाक मारितांना नांवापुढें टिंब देऊन 'लोकल' हा शब्द जोडावा. "या नांवाचा कोण?" ही पृच्छा घरांतील सर्व यंत्रांकडे जाते, व ज्याचें नांव तें आपला त्या वेळचा अंक कळवितें. घर बदललें तरी बहुधा हें चालतें.

विद्यार्थिमित्रांनो, ही नोंद उन्हाळ्यांतच करावी, व राउटर मुद्दाम बंद करून, पुन्हां चालू करून पारखून घ्यावी. नदी चढूं लागल्यावर पत्ता शोधीत बसावयास सवड नसते.