हॉन्स्लोचा वडापाव

२००९च्या मंदीत लंडनमधील एका पंचतारांकित हॉटेलातील सुजय सोहनी यांची नोकरी गेली. वडापाव घेण्याइतकेही पैसे नाहीत, असे त्यांनी मुंबईतील महाविद्यालयीन मित्र सुबोध जोशी यांना सांगितले. या हताश उद्गारातूनच व्यवसायाची कल्पना स्फुरली, असे सांगतात.

परमुलखात मोक्याची जागा परवडणारी नव्हती. अखेर भारतीयांची दाट वस्ती असलेल्या हॉन्स्लो या उपनगरात, एका आइस्क्रीमच्या दुकानातील कोपरा त्यांनी दरमहा ४०० पौंड भाड्याने घेतला आणि १५ ऑगस्ट २०१० रोजी ‘श्रीकृष्ण वडापाव’ सुरू केले. वडापाव एक पौंड, दाबेली दीड पौंड. बँकेच्या चष्म्यातून पाहता हा आकडा धडकी भरविणारा होता. महिन्यातील पहिल्या ४०० वडापावांचे उत्पन्न भाड्यातच जाणार; बटाटा, बेसन, तेल, पाव यांचा खर्च निराळाच!

आरंभी ग्राहक फिरकेनात. जाहिरातीला पैसा कोठला? दोघांनी रस्त्यावर उभे राहून वडापाव फुकट वाटले. अनभिज्ञ गोऱ्यांना तो ‘इंडियन बर्गर’ म्हणून समजावला. हळूहळू लोक पैसे देऊन खाण्यासाठी परतू लागले. पुढे तो कोपरा अपुरा पडला आणि त्याच हॉन्स्लोत त्यांनी मोठी जागा घेतली.